भुताची गोष्ट आणि आपण बायका



बचत, हप्ते, अंतर्गत कर्ज, बँकेचं पासबुक, शिलाई मशीन, पापड-मसाल्याचा धंदा हे आपले नेहमीचे विषय. आज आम्ही वेगळा विषय घेतला आहे. तो आहे भुताच्या गोष्टींचा. गट समन्वयक बायका भुतांवर कशाला बोलतायत, असं कुणाला वाटेल. पण पनवेल तालुक्यातल्या गावांत बैठका घेताना आम्ही एक गोष्ट कायम पाहिली आहे. रजिस्टरवर सह्या झाल्या, पैसे मोजून झाले, चहा आला, की कुणीतरी हळूच विषय काढतं. अमक्या वळणावर गाडी बंद पडली. तमक्या विहिरीवर रात्री रहाटाचा आवाज येतो. मग घरी जायची घाई असलेली बाईसुद्धा सतरंजीवर पुन्हा बसते. कर्जाच्या व्याजदरावर बोलताना जांभया देणाऱ्या मैत्रिणी भुताचं नाव निघालं की डोळे मोठे करून ऐकतात.

असं का होत असेल? भीती तर कुणालाच नको असते. मग भीतीची गोष्ट का हवी असते? या गोष्टी आल्या कुठून, मराठीत त्या कुणी लिहिल्या, आणि त्यात आपलं बायकांचं काय आहे, हे आज पाहू. शेवटी एक कामाचंही बोलणार आहोत, तेव्हा रेडिओ बंद करू नका.

पैठणची गोष्ट

भुताच्या गोष्टींचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातल्या पैठणपासून सांगता येतो. पैठणला तेव्हा प्रतिष्ठान म्हणत आणि तिथे सातवाहन राजे राज्य करत होते. त्यांच्या दरबारात गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी कथा आहे.

एकदा राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. एक राणी दमली आणि संस्कृतात म्हणाली, ‘मोदकैः’. तिला म्हणायचं होतं, ‘मा उदकैः’, म्हणजे आता पाणी उडवू नका. राजाला संस्कृत येत नव्हतं. त्याने हुकूम सोडून ताटभर मोदक मागवले! राणी हसली आणि राजाला लाज वाटली. त्याने पंडितांना विचारलं, मला संस्कृत किती दिवसांत शिकवाल? गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत. दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. गुणाढ्याने पैज लावली, की तू हे करून दाखवलंस तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, या तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने खरंच शिकवलं. गुणाढ्य पैज हरला आणि रानात गेला.

रानात त्याला एक पिशाच्च भेटलं. त्याचं नाव काणभूती. त्या पिशाच्चाने त्याला आपल्या भाषेत, पैशाची भाषेत, एक अफाट मोठी गोष्ट सांगितली. गुणाढ्याने ती सात वर्षं लिहिली. रानात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. सात लाख श्लोक झाले. ते राजाकडे पाठवले, तर राजा म्हणाला, पिशाच्चाची भाषा आणि रक्ताची शाई, असलं काही मला नको. तेव्हा गुणाढ्याने डोंगरावर आग पेटवली. एकेक पान मोठ्याने वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातली जनावरं चरायचं सोडून भोवती उभी राहिली. ती रडत ऐकत होती. खाणं सोडल्यामुळे ती वाळली, राजाच्या ताटात सुकं मांस येऊ लागलं, राजाने चौकशी केली आणि तो धावत आला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लाख त्याने वाचवला.

ही दंतकथा आहे. पण तो मूळ ग्रंथ, म्हणजे ‘बृहत्कथा’, होता असं अभ्यासक मानतात. आज तो मिळत नाही. त्याच्यावरून अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ लिहिला. तो त्याने कुणासाठी लिहिला? राणी सूर्यमतीच्या करमणुकीसाठी. या ग्रंथात वेताळाच्या पंचवीस गोष्टी येतात. आपण त्या विक्रम आणि वेताळ म्हणून ऐकल्या, चांदोबात वाचल्या. त्यातला राजाही गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचाच सांगितला आहे. मध्यरात्री खांद्यावर प्रेत घेऊन तो मसणातून चालतो आणि प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगून कोडं घालतो. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल, आणि बोललास तर मी परत झाडावर.

आपल्या बैठकीत बरं काय आणि वाईट काय हे ठरवताना आपण जशी चर्चा करतो, तशीच वेताळाची प्रत्येक गोष्ट आहे. चूक कुणाची? हक्क कुणाचा? म्हणजे अगदी जुन्या भुताच्या गोष्टीतही भूत नुसतं घाबरवायला आलेलं नव्हतं. ते विचार करायला लावत होतं.

कोकणातल्या भुतांची यादी

आता आपल्या भागाकडे येऊ. १९१५ साली कोकणातल्या लोकसमजुतींवर इंग्रजीत एक पुस्तक निघालं. ते आर. ई. एन्थोव्हेन या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित केलं. माहिती जमवली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी. हे तेच नाशिकचे कलेक्टर, ज्यांना १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी गोळी घातली. माहिती जमवायची पद्धत साधी होती. शाळामास्तरांना प्रश्न पाठवायचे आणि त्यांनी गावात विचारून उत्तरं लिहायची. आपला रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. कुलाब्यातल्या गावोगावच्या मास्तरांची उत्तरं त्या पुस्तकात आहेत.

त्यात भुतांची नावं आहेत. आपल्याला ती अजून पाठ आहेत. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा, तो पिंपळावर राहतो. गिऱ्हा म्हणजे बुडून मेलेल्याचं भूत, ते पाण्यात राहतं. समंध म्हणजे इच्छा मागे ठेवून मेलेला माणूस. चकवा म्हणजे वाट चुकवणारा. बायकांच्या भुतांची तर वेगळीच रांग आहे. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात मेलेली. हडळ म्हणजे बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत, किंवा विटाळात असताना मेलेली. जखीण म्हणजे सवाष्ण मेलेली. लावसट म्हणजे विधवा मेलेली.

मैत्रिणींनो, ही यादी पुन्हा एकदा मनात म्हणा. ही भुतांची यादी वाटते, पण ही मरणाची यादी आहे. कोण कसं मेलं, याचं गावाने तोंडी ठेवलेलं रजिस्टर आहे. पुरुषांच्या भुतांची नावं बहुतेक वयावरून, जातीवरून, राहिलेल्या इच्छेवरून पडली. बायकांची नावं मात्र एका गोष्टीवरून पडली, ती बाई मरताना गरोदर होती, बाळंतीण होती, सवाष्ण होती की विधवा. तिला दुसरी ओळखच नव्हती.

आणि बाळंतीण मेल्याची भुतं एवढी का? कारण बाळंतिणी मरतच तेवढ्या होत्या. अंधारी खोली, धुरकट शेगडी, नाळ कापायला हाताला येईल ते हत्यार. रक्त गेलं, ताप चढला, की उपाय नसे. आता आकडा ऐका. २०१८ ते २०२० या काळातल्या सरकारी पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचा मृत्यू होत होता. देशात हाच आकडा ९७ होता. आशाताई, दवाखान्यातलं बाळंतपण, रक्तपेढी यांनी हे केलं. हडळ कमी झाली ती मंत्राने नाही.

दुसरीही बाजू आहे. गिऱ्ह्याची गोष्ट ऐकलेलं पोर तलावात एकटं उतरत नसे. चकव्याची गोष्ट ऐकलेला माणूस रात्री भातखाचरांतून आडवाट धरत नसे. हाकामारीची गोष्ट आठवते का? रात्री बाहेरून कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दारही उघडायचं नाही. घरात एकट्या असलेल्या बाईला यापेक्षा शहाणपणाचा सल्ला कोण देणार? आपल्या आज्या-पणज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचे सुरक्षेचे नियम अशा गोष्टींत बांधलेले होते.

पुण्याचे धारप

आता लिहिणाऱ्यांकडे वळू. मराठीत भयकथा म्हटलं की पहिलं नाव येतं नारायण धारप यांचं. ते पुण्याचे. जन्म १९२५ चा, मृत्यू २००८ चा. म्हणजे २०२५ हे त्यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. शिक्षण विज्ञान-तंत्रज्ञानाचं आणि लिहिलं भुताखेतांवर. शंभराच्या वर पुस्तकं त्यांच्या नावावर आहेत.

त्यांची पुस्तकं मोठ्या समारंभांत गाजली नाहीत. ती गाजली वाचनालयांत. १९६७ साली आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याआधीपासूनही गावोगाव वाचनालयं होती. पनवेल शहरातलं के. गो. लिमये वाचनालय तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. अशा वाचनालयांत धारपांचं पुस्तक जागेवर सापडणं कठीण असे. कव्हर फाटलेलं, पानं पिवळी पडलेली, कडेला कुणाच्या तरी तेलकट बोटांचे डाग. बाजारातून पुस्तक विकत घेणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनी धारप वाचले. दुपारी जेवणं उरकल्यावर बायकांनी वाचले, आणि रात्री दिवा विझवायला घाबरल्या.

धारपांच्या गोष्टीत काय असतं? साधीसुधी माणसं असतात. नोकरी करणारा नवरा, घर आवरणारी बायको, मुलं. ती नव्या घरात राहायला येतात किंवा जुना वाडा त्यांच्या वाट्याला येतो. सुरुवातीला सगळं ठीक असतं. मग एक वास, एक सावली, एका खोलीत लागणारी थंडी. हळूहळू कळतं की इथे काहीतरी आहे आणि त्याला आपण हवे आहोत. त्यांच्या बऱ्याच कथांत ‘समर्थ’ नावाचा माणूस येतो आणि त्या वाईट शक्तीशी लढतो. तो पैसे मागत नाही, कोंबडं मागत नाही, बाईला केस धरून फिरवत नाही. तो शांतपणे चौकशी करतो, समजून घेतो आणि मग मार्ग काढतो. हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या आजूबाजूचे भूत उतरवणारे नेमकं उलटं वागतात.

धारपांनी स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या काही कथांना मराठी रूप दिलं. त्यातली एक गोष्ट ‘आजी’. या गोष्टीचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या एका म्हाताऱ्या आजीची गोष्ट पुण्यात मराठी झाली. पुढे राही अनिल बर्वे या तरुणाला त्याच्या मित्राने ती रात्री जंगलात तोंडी सांगितली. त्या रात्रीची भीती त्याच्या मनातून गेली नाही. पुष्कळ वर्षांनी त्याने सिनेमा काढला, तो ‘तुंबाड’. २०१८ साली आला, २०२४ साली पुन्हा थिएटरात लागला आणि दुसऱ्या वेळी जास्त चालला. नाव घेतलं श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कोकणातल्या कादंबरीवरून. त्यात साखळीने बांधलेली एक म्हातारी आहे आणि सोन्याचा हव्यास आहे. सिनेमा पाहून घरी आलेल्याला कळतं की राक्षस भिंतीआड होता खरा, पण त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाणारा माणूस होता.

मतकरींचं भूत माणसात राहतं

दुसरे लेखक रत्नाकर मतकरी. जन्म १९३८, मुंबई. यांचं आणि रेडिओचं जुनं नातं आहे. १९५५ साली, शाळा-कॉलेजच्या वयात, त्यांची ‘वेडी माणसं’ ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवरून प्रसारित झाली. तीच त्यांची सुरुवात. पुढे त्यांनी बँक ऑफ इंडियात वीस वर्षं नोकरी केली. दिवसा खतावणी आणि रात्री लेखन. १९७८ साली नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लेखन धरलं. आपल्या गटांत ज्या मैत्रिणी दिवसभर मजुरी करून रात्री हिशेब लिहितात, त्यांना हे लगेच कळेल.

मुलांसाठी त्यांनी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिलं. त्यातली चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अशी केली की बघणारी मुलं घाबरायची आणि हसायचीही. अलीकडे तेच नाटक पुन्हा रंगमंचावर आलं तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले. साठ-सत्तर वर्षांच्या आज्या आणि सहा वर्षांच्या नाती एकाच चेटकिणीला हसल्या.

मोठ्यांसाठी मतकरींनी गूढकथा लिहिल्या. ‘खेकडा’ हा त्यांचा संग्रह फार गाजला. ‘गहिरे पाणी’ ही त्यांची टीव्ही मालिका तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. मतकरींच्या कथेत भूत असतं किंवा नसतंही. पण शेवटी आपल्याला भीती वाटते ती माणसाची. हेवा, हाव, मनात वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला राग, यांची. त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘इन्व्हेस्टमेंट’ या सिनेमाला २०१२ सालचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात एकही भूत नाही. सुखवस्तू घरातला एक मुलगा आपल्या वर्गातल्या मुलीचा जीव घेतो आणि आईवडील त्याला वाचवण्यासाठी सगळं झाकून टाकतात. मुलगा म्हणजे आपली गुंतवणूक, ती बुडता कामा नये. आम्हाला विचाराल तर हडळीपेक्षा ही आई जास्त भीतिदायक आहे.

याच माणसाने १९७८ साली ‘लोककथा ७८’ हे खेड्यातल्या दलितांवरच्या अत्याचाराचं नाटक रंगमंचावर आणलं. आयुष्याच्या अखेरीस ठाण्यातल्या वस्तीतल्या मुलांसाठी ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू करण्यात पुढाकार घेतला. तिथे मुलं स्वतःच्याच आयुष्यावर नाटकं बसवतात. भीतीच्या कथा लिहिणाऱ्याला खरी भीती कुठे असते ते ठाऊक होतं. मे २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, मतकरी गेले.

भीती आवडते, कारण ती संपते

आता मूळ प्रश्न. भीतीची गोष्ट आपल्याला का आवडते?

घाबरलो की काय होतं ते आठवा. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, कान टवकारतात. शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. पण गोष्ट ऐकताना आपल्याला आतून पक्कं माहीत असतं की आपण आजीच्या गोधडीत आहोत. धोका नाही हे कळलं की तेच शरीर सैल पडतं, आणि हसू येतं. भुताची गोष्ट संपली की सगळे का हसतात, त्याचं कारण हे. म्हणून ती गोष्ट एकट्याने ऐकण्यात मजा नाही. एकीने दुसरीचा हात धरायला हवा.

आणखी एक कारण आम्हाला बैठकांमधून कळलं. बाईला खऱ्या भीतीबद्दल बोलायची सोय कमी असते. नवरा पिऊन येतो त्याची भीती, सावकाराची भीती, पाचव्या महिन्यात पोटात दुखतं त्याची भीती, संध्याकाळी रस्त्यावर मागे येणाऱ्या मोटारसायकलीची भीती. हे सगळ्यांसमोर उघड सांगता येत नाही. भुताची गोष्ट सांगता येते. ‘त्या वळणावर कुणीतरी मागे येतं’ असं एक बाई सांगते तेव्हा नीट ऐका. कधी ती खरंच भुताबद्दल बोलत नसते. तिथे दिवा लावायचा ठराव ग्रामसभेत मांडायला हवा असतो.

टीव्हीवर ‘रात्रीस खेळ चाले’ लागायचं तेव्हा वाड्या-वस्त्यांवर शुकशुकाट व्हायचा. २०१६ साली ते सुरू झालं, चित्रीकरण सिंधुदुर्गातल्या आकेरीला. त्यात भूत किती होतं? खरं तर ती जमिनीची, वाटणीची, नाईकांच्या घरातल्या लपवलेल्या पापांची गोष्ट होती. म्हणूनच आपल्याला ती घरातली वाटली.

गोष्ट कुठे थांबवायची

आता कामाचं बोलू. गोष्ट गोष्टीत राहिली तर करमणूक आणि शहाणपण. पण तीच गोष्ट कुणी जिवंत बाईच्या अंगावर टाकली तर तिचा जीव जातो.

हा धंदाही जुना आहे. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं. एका गरोदर कुणबी बाईकडे जोशी येतो, ग्रह वाईट आहेत, पोटातल्या मुलाला धोका आहे असं सांगून तिला भीती घालतो आणि त्या गरीब जोडप्याला लुबाडतो. शेवटी नवरा-बायको काय ठरवतात? फुल्यांच्या शाळेत शिकायला जायचं. बाळंतपणाची भीती विकणाऱ्यांना फुल्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

आमच्या एका गटातल्या ताईची सून बाळंत झाली. आठव्या दिवसापासून तिला झोप येईना. असंबद्ध बोलायची, बाळाला जवळ घ्यायला घाबरायची, कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे म्हणायची. घरात ठरलं, हिला बाहेरचं लागलंय. एका भगताकडे न्यायची तयारी झाली. त्याच संध्याकाळी गटाच्या चौघीजणी त्या घरी गेल्या. भांडल्या नाहीत. म्हणाल्या, भगताकडे उद्या जा, आज आमच्यासाठी दवाखान्यात चला. गाडीभाड्याचे पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून त्याच रात्री काढले. डॉक्टरांनी सांगितलं की बाळंतपणानंतरचा हा मनाचा आजार आहे, तो पहिल्या दोन आठवड्यांत अचानक येतो, त्यात आईच्या आणि बाळाच्या जिवाला धोका असतो, आणि तो औषधाने बरा होतो. आज ती सून आपल्या मुलाला अंगणवाडीत सोडून बैठकीला येते.

कुलाब्याच्या मास्तरांनी लिहिलेली ओळ आठवा. बाळंतपणानंतर दहा दिवसांत मेली ती हडळ. ते दहा दिवस शरीराला आणि मनाला सगळ्यात धोक्याचे असतात हे आपल्या पणज्यांनी पाहिलं होतं. त्यांनी पाहिलेलं खरं होतं. त्यांच्याकडे औषध नव्हतं म्हणून त्याची हडळ झाली. आपल्याकडे औषध आहे.

विंचवाचंही तसंच. कोकणात लाल विंचू चावला की मांत्रिक विष उतरवायचा आणि शंभरातली तीस-चाळीस माणसं मरायची. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. त्यांनी रात्र-रात्र रुग्णांजवळ बसून निरीक्षण केलं आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर चालतं हे दाखवलं. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनीही त्यांच्याबरोबर काम केलं. आज वेळेत उपचार मिळाले तर शंभरात एखाद-दुसराच दगावतो. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली. हा शोध आपल्या रायगड जिल्ह्यात लागला आहे, हे पोरांना जरूर सांगा.

कायदाही आपल्या बाजूने आहे. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य दिलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं, मिरचीची धुरी देणं, कुणी करणी करतं असं सांगून तिचं जगणं मुश्कील करणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र टाकणं, हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं आणि दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये. तक्रार पोलीस ठाण्यात करायची. कायद्याने भुताची गोष्ट सांगायला मनाई केलेली नाही. मनाई आहे ती माणसाला भूत ठरवून छळायला.

दोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८. मनाच्या त्रासासाठी सरकारी ‘टेलिमानस’ सेवा, १४४१६. ती फुकट आहे.

एक काम

आपला तालुका झपाट्याने बदलतोय. एक्स्प्रेस हायवे आला, इमारती आल्या, विमानतळासाठी उलव्याचा डोंगर कापला गेला आणि दहा गावं हलली. गाव हललं की गावदेवीचं देऊळ नव्या जागी बांधता येतं. पण पिंपळावरच्या मुंज्याला आणि विहिरीतल्या गिऱ्ह्याला कोण नेणार? त्यांच्या गोष्टी म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी आहेत, आणि त्या गेल्या की गोष्टीही जातील. गुणाढ्याचे सहा लाख श्लोक जळले, तसंच.

म्हणून पुढच्या महिन्यात प्रत्येक गटाने एक करायचं. हिशेब झाला की गावातल्या सगळ्यात वयस्क आजीला बोलवायचं आणि तिला भुताची एक गोष्ट सांगायला लावायची. गटातल्या शिकलेल्या मुलीने ती आजीच्याच भाषेत, आगरी असो, कातकरी असो की ठाकरी, वहीत लिहून घ्यायची. कुठल्या झाडाची, कुठल्या विहिरीची, आणि शक्य असेल तर ती बाई मुळात कशाने मेली, हेही विचारायचं. वही आमच्याकडे द्या. निवडक गोष्टी या रेडिओवर त्याच आज्यांच्या आवाजात ऐकवू.

आणि गोष्ट सांगून झाली की घरी एकट्या जाऊ नका. जोडीने जा. भुतासाठी नाही, वळणावर अजून दिवा लागलेला नाही म्हणून. त्याचा अर्ज आम्ही लिहून आणतो, सह्या तुम्ही करा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.